अर्जंट केअर की इमर्जन्सी? कुठे जायचं आणि तिथे गेल्यावर नंबर मागे का जातो?

रानजाई (प्रश्न)

घरात सत्तरीच्या पुढचे दोघे आहेत, त्यातल्या एकांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. शिवाय दीड वर्षाचं मूल. रात्री-अपरात्री काही झालं तर जवळच्या अर्जंट केअर क्लिनिकमध्ये न्यायचं की थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, हे आधीच ठरवून ठेवायचं आहे. दुखणं किती जोराचं आहे यावरून ठरवलं तर चालेल का? छातीत दुखत असेल तर आधी क्लिनिकमध्ये ईसीजी काढून घ्यावा का? तो नॉर्मल आला तर निर्धास्त राहता येतं का? आणि इमर्जन्सीत नंतर आलेल्याला आधी आत का घेतात?

रात्रपाळी

दुखण्याच्या जोरावरून ठरवू नका. पुढच्या तासाभरात काय लागू शकतं, त्यावरून ठरवा.

अर्जंट केअरमध्ये साधारणपणे एक्स-रे, टाके, प्लास्टर, नेब्युलायझर, लघवीची पट्टी-तपासणी आणि बहुतेक ठिकाणी ईसीजी एवढं असतं. सीटी स्कॅन, रक्तपेढी, ऑपरेशन थिएटर, आयसीयू नसतं. पाय मुरगळला की माणूस कळवळतो, पण त्याला क्लिनिक पुरतं. उलट पक्षाघातात बहुधा काहीच दुखत नाही. तोंड एका बाजूला ओढलं जातं, हातातलं बळ जातं, जीभ जड होते, एवढंच. तिथे मात्र क्लिनिकच्या वाटेलाही जाऊ नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून 4.5 तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे सीटीवर पाहावं लागतं. म्हणूनच पक्षाघाताची शंका असेल तर घरी अॅस्पिरिन देऊ नका. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. वेळ उलटून गेली असं वाटलं तरी न्यायचंच, कारण निवडक रुग्णांमध्ये गुठळी नळीवाटे 24 तासांपर्यंत काढता येते.

आता छातीचं. क्लिनिकमध्ये ईसीजीसाठी थांबू नका. हार्ट अटॅकमध्ये पहिला ईसीजी साफ नॉर्मल येऊ शकतो. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढायलाही वेळ लागतो, म्हणून ती तपासणी काही तासांच्या अंतराने पुन्हा करतात. एक ईसीजी आणि एक ट्रोपोनिन नॉर्मल आलं म्हणून घरी जाऊन झोपलेला रुग्ण ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी धास्ती. इमर्जन्सीत पोहोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. नाही झाला तर स्पष्ट शब्दांत मागा.

रुग्णवाहिका बोलवा, रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल, कुठे रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला देतात. नुसती गिळली तर उशिरा लागू पडते. पण तुमच्याकडे ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांना रुग्णवाहिकेच्या फोनवर विचारल्याशिवाय देऊ नका. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत कळ न येता नुसता दम लागणं, दरदरून घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं एवढंच असू शकतं. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

नाडी_ठोके

नंबराबद्दल सांगते. इमर्जन्सीत रांग नसते, ट्रायाज असतं, म्हणजे कोण किती गंभीर आहे त्यावरून क्रम लावतात. पुष्कळ ठिकाणी मँचेस्टर पद्धत वापरतात, तिच्यात पाच रंग असतात: लाल म्हणजे ताबडतोब, केशरी 10 मिनिटांत, पिवळा 60, हिरवा 120 आणि निळा 240 मिनिटांपर्यंत. तुमच्यानंतर आलेला आधी आत गेला, तर त्याचा रंग तुमच्या वरचा आहे.

रंग ठरतो नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप, शुद्ध आणि श्वासाचा वेग यांवरून, आणि तुम्ही टेबलाशी काय सांगता त्यावरून. इथे घरच्यांचं बोलणं फार फरक पाडतं. ‘बाबांना कालपासून जरा बरं नाहीये’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘वय 74, रक्त पातळ करणारी अपिक्साबान गोळी चालू, 40 मिनिटांपूर्वी बाथरूममध्ये पडले, डोकं आपटलं, एकदा उलटी झाली’ हे ऐकल्यावर नर्स पेन खाली ठेवते आणि उठते. वय, काय झालं, कधी झालं, कोणती औषधं, कशाची अॅलर्जी, एवढं पहिल्या दोन वाक्यांत येऊ द्या. औषधांची नावं आठवत बसू नका, स्ट्रिपच पिशवीत घालून आणा, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही सांगा.

श्वास घरीही मोजता येतो. छातीकडे बघून पूर्ण 1 मिनिट मोजा, रुग्णाला न सांगता, कारण सांगितलं की तो श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा मिनिटाला 12 ते 20 असतो. आराम करत असताना 25 च्या वर गेला तर क्लिनिकचा विचार सोडा.

बसून वाट पाहताना काही बिघडलं, गुंगी आली, घाम फुटला, दुखणं वाढलं, तर परत टेबलाशी जा आणि ‘पुन्हा तपासा’ म्हणा. रंग एकदा मिळाला की कायमचा नसतो. डॉक्टर बघेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. रक्तातली साखर उतरली असेल तर तो अपवाद, पण तेही नर्सला सांगूनच.

टाकेदोरा

मुलाचं राहिलंच. दीड वर्षाच्या मुलाबाबत एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: बटण बॅटरी. गिळली असेल किंवा नुसती शंका असेल तरी थेट इमर्जन्सी, आणि तीही एक्स-रे व एंडोस्कोपी दोन्ही असलेली. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी ओलसर आवरणाशी विद्युतप्रवाह सुरू करते, तिथे तीव्र अल्कली तयार होतं आणि 2 तासांत गंभीर भाजतं. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळता येत असेल आणि 12 तास उलटले नसतील, तर वाटेत दर 10 मिनिटांनी 2 चमचे (10 मिली) मध द्यायला सांगतात, जास्तीत जास्त 6 वेळा. मधासाठी निघायला उशीर करू नका.

श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर असतील, मूल हाक मारूनही डोळे उघडत नसेल, तरीही इमर्जन्सीच.

भाजलं तर नळाच्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं धरा, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको. कापलं तर स्वच्छ कापडाने 10 मिनिटं सलग दाबा. मधेमधे उचलून बघण्यानेच रक्त थांबत नाही. थांबलं तर टाक्यांना क्लिनिक चालेल, पण लवकर जा, कारण जखम जितकी जुनी तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल तर स्नायूबंध किंवा नस तुटलेली असू शकते, ते काम हॉस्पिटलचं. धनुर्वाताची शेवटची सुई कधी घेतली ते माहीत हवं: मळलेल्या जखमेला 5 वर्षं, स्वच्छ जखमेला 10 वर्षं झाली असतील तर पुन्हा देतात.

रानजाई

खूप उपयोग झाला. गोळी चालू असलेले आजोबा पडले, सीटी नॉर्मल आला आणि घरी पाठवलं, तर पुढे काय बघायचं?

रात्रपाळी

पहिले 24 तास कुणीतरी सोबत हवं. झोपू द्यायला हरकत नाही, हाक मारल्यावर नीट जागे होतात ना ते अधूनमधून बघा. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा उलट्या, बोलण्यात गोंधळ, एक हात किंवा पाय लुळा पडणं, झटका, यातलं काहीही दिसलं तर परत इमर्जन्सी, आधीचा सीटी घेऊन. दुखायला पॅरासिटामॉल द्या. आयब्रुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पुढचा डोस कधी घ्यायचा ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. वृद्धांमध्ये कवटीखाली रक्त हळूहळू साचून लक्षणं काही आठवड्यांनीही दिसू शकतात. चाल बदलली किंवा विसराळूपणा एकाएकी वाढला, तर वयाच्या माथी मारू नका, परत दाखवा.