मदत हवी आहे: लहान लाटांसाठी पहिला सर्फबोर्ड, 8 फुटी की 9 फुटी?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव-शहापूरचा, वय 41, वजन 72 किलो. पोहता येतं, पण समुद्राची धास्ती आहेच. पावसाळा सरला की चोर्ला घाटातून गोव्याला जातो. मोरजीला कमरेएवढ्या लाटांत भाड्याच्या 9 फुटी फोमच्या बोर्डवर शिकतोय. गुडघ्यांवर येतो, उभं राहायला गेलं की टोक पाण्यात घुसतं. एकदा फायबरचा घेतला, तो हनुवटीवर आदळला, दोन टाके पडले. कडक बोर्ड आता नकोच.

दुकानदार 7 फुटी सुचवतो, वळवायला सोपा म्हणे. पण लाटेला जोर नसेल तर लांब, रुंद, जाड बोर्डच नीट तरंगतो ना? गाडीच्या टपावर बांधून घाट उतरायचाय. कुणी असा नेला असेल तर पट्टे कसे आवळता, तेही सांगा.