बॅटरीवरचं स्क्रबर ड्रायर पहिल्यांदा सुरू करायचं आहे: बॅटरी जोडणी, चार्जिंग आणि मागे राहणारं पाणी

लांब_कॉरिडॉर
नमस्कार. मागून चालत चालवायचं, 24 व्होल्टचं स्क्रबर ड्रायर (फरशी ब्रशने घासून घाण पाणी ओढून घेणारं मशीन) आलं आहे. ब्रश एकच, साधारण 50 सेंटिमीटरचा. स्वच्छ पाण्याची टाकी 40 लिटरची. 6 व्होल्टच्या चार पाण्याच्या (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घालाव्या लागणाऱ्या लेड-ॲसिड) बॅटऱ्या वेगळ्या आल्या आहेत, त्या मशीनमध्ये अजून बसवलेल्या नाहीत. चार्जरही सुटा आहे. फरशी दोन प्रकारची: कॉरिडॉरमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, गोदामात काँक्रीट, आणि दोघांच्या मधे एक उतार.

मशीन तीन जण आळीपाळीने चालवणार आहेत. त्यांच्या हातात देण्याआधी बॅटऱ्या कशा जोडायच्या, चार्जिंग कुठे आणि कसं करायचं, पाण्यात केमिकल किती घालायचं आणि चालवताना कशाची काळजी घ्यायची, हे नीट समजून घ्यायचं आहे. मॅन्युअल आहे, पण त्यात 'असं करू नका' एवढंच लिहिलंय. का करू नये ते कळलं तर माणसांना समजावता येईल.

सेल_आणि_प्लेट
बॅटरीचा भाग सांगतो.

मशीन सपाट जागी उभं करा, चावी काढा, चाकांना अडसर लावा. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि पाना लाल होतो. अशी एक बॅटरी साधारण 30 किलोची असते. दोघांनी पट्ट्याने उचलावी आणि तिरकी करू नये.

चारही बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या: पहिलीचा प्लस दुसरीच्या मायनसला, दुसरीचा तिसरीला, तिसरीचा चौथीला. शेवटी एक प्लस आणि एक मायनस मोकळे राहतील, ते मशीनच्या मोठ्या कनेक्टरकडे जाणार. कनेक्टर लावण्याआधी मल्टिमीटरने त्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटऱ्यांवर 25.4 च्या आसपास दिसेल, थोड्या उतरलेल्या असतील तर 24 ते 25. 12-13 दिसला, तर चारपैकी एक बॅटरी उलटी जोडली गेली आहे, कारण तिघींच्या 18 मधून तिचे 6 वजा झाले. तसंच कनेक्टर लावलं तर आधी कंट्रोलर (मशीनच्या मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जातो. नट घट्ट हवेत, पण टर्मिनल पिळेल इतके नकोत. सैल नट तापतो आणि टर्मिनल वितळतं. शेवटी वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

आता चार्जर. पाण्याची बॅटरी, जेल, एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेली बंद बॅटरी) आणि लिथियम यांचं चार्जिंग वेगवेगळं असतं. चार्जरवर निवडीचा स्विच असेल तर तो पाण्याच्या बॅटरीवर आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा. जेलच्या सेटिंगवर पाण्याची बॅटरी अर्धवटच भरते आणि प्लेटवर सल्फेट साचत जातं. उलट चूक झाली तर जेल बॅटरी जादा चार्ज होते, तिच्यातला वायू व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि ती सुकते. तिच्यात पाणी घालायची सोयच नसते. बऱ्याच मशीनमध्ये 'बॅटरी उतरली' हे ओळखायचं सेटिंगही बॅटरीच्या प्रकारानुसार बदलावं लागतं, तेही तपासा.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं. चार्जिंगच्या आधी प्लेट उघड्या दिसत असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच घाला. चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलेल्या सेलमधून (बॅटरीतल्या कप्प्यातून) ॲसिड बाहेर येतं. ते सांडलं की खालचा ट्रे गंजतो आणि सेलमधलं ॲसिड कायमचं कमी होतं. नळाचं पाणी चालणार नाही, आणि बाहेरून ॲसिड तर कधीच घालायचं नाही.

चार्जिंगची जागा मोकळ्या हवेची हवी. शेवटच्या टप्प्यात या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका असल्याने छताशी साचतो, म्हणून झरोका वरच्या बाजूला असावा. झाडू-बादल्यांच्या बंद खोलीत चार्जिंग करू नका. बॅटरीवरचं झाकण किंवा टाकी उचलून उघडी ठेवा, सेलची बुचं मात्र लावलेली असू द्या. प्लग काढण्याआधी चार्जर बंद करा. चालू चार्जरचा प्लग ओढला की ठिणगी पडते, आणि ती नेमकी बॅटरीच्या तोंडाशीच पडते.

पाणी घालताना चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. ॲसिड डोळ्यांत उडालं तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि मग थेट डॉक्टरकडे. जमिनीवर सांडलं तर खायचा सोडा टाका आणि फसफसणं थांबेपर्यंत टाकत राहा.

पहिल्या वापराआधी पूर्ण चार्ज करा. त्यानंतर रोज काम संपलं की एकदाच, सलग, चार्जर स्वतः थांबेपर्यंत. त्याला साधारण 8 ते 12 तास लागतात. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास लावायची सवय या बॅटऱ्यांना सोसत नाही. उतरलेली बॅटरी रात्रभर तशीच ठेवणं त्याहून वाईट. 80 टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नका. नव्या बॅटऱ्या पहिली काही डझन चार्जिंग होईपर्यंत पूर्ण क्षमता देत नाहीत, तेव्हा सुरुवातीला वेळ कमी मिळाला म्हणून घाबरू नका.

ओली_फरशी
वर बॅटरीचं सगळं आलंच आहे. मी पाणी आणि चालवण्याबद्दल लिहिते. तिघांना शिकवताना एक गोष्ट पहिल्यांदा सांगा: या मशीनमुळे इजा होते ती बहुतेकदा मागे राहिलेल्या ओल्या पट्ट्यामुळे. पाणी टाकायचं बटण दाबणाऱ्यानेच ते सगळं उचललं गेलं का, हे वळून बघायला हवं.

केमिकल कमी फेसाचं आणि स्क्रबर मशीनसाठीचंच हवं. डब्यावर 1:100 लिहिलं असेल तर 40 लिटरला 400 मिलि. आधी पाणी, मग केमिकल, नाहीतर टाकीतच फेस होतो. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही. फरशीवर चिकट थर राहतो, तो उद्याची धूळ धरून ठेवतो आणि ओला झाला की घसरतो. त्यात फेस घाण पाण्याच्या टाकीत चढला की फ्लोट (टाकी भरली की सक्शन थांबवणारा तरंगता भाग) वेळेआधीच बंद होतो, किंवा फेस थेट सक्शन मोटरमध्ये शिरतो. फेस दिसला तर घाण पाण्याच्या टाकीत फेसनाशक घाला, स्वच्छ पाण्याच्या टाकीत नको. ब्लीच आणि ॲसिडचा क्लीनर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो. थिनर, पेट्रोल, स्पिरिट सांडलं असेल तिथे मशीन नेऊच नका. सक्शन मोटरच्या ठिणगीने वाफ पेटू शकते. पाणी फार गरम नको. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, सहसा 50-60 अंशांच्या आत.

व्हिट्रिफाइडवर मऊ ब्रश किंवा लाल पॅड. काँक्रीटवर पॉलिप्रॉपिलीनचा कडक ब्रश. काळं पॅड जुनं पॉलिश खरवडून काढण्यासाठी असतं, ते टाइल्सवर लावलं तर चकाकी गेलीच समजा. ब्रश बदलताना चावी काढलेली हवी.

सुरू करण्याआधी फरशी कोरडी झाडून घ्या. प्लॅस्टिकच्या पट्ट्या, दोरे, स्टिकर मागच्या वायपरच्या (पाणी गोळा करून ओढून घेणाऱ्या पट्टीच्या) रबरात अडकतात, आणि मग ती एक रेघ शेवटपर्यंत ओली राहते. 'ओली फरशी'चे फलक काम सुरू होण्याआधी दोन्ही टोकांना लावा. मशीन चालू लागल्यावरच ब्रश फिरू द्या. एका जागी उभं राहून फिरणारा ब्रश टाइलवर गोल डाग पाडतो. नेहमीच्या चालीपेक्षा थोडं सावकाश, साधारण 3 किलोमीटर ताशी वेगाने, सरळ पट्ट्यांत चाला. प्रत्येक पट्टा आधीच्यावर 5 ते 10 सेंटिमीटर चढवा. वळणाच्या मीटरभर आधी पाणी बंद करा.

काँक्रीटवर मुरलेला काळपट मळ एका फेरीत निघत नाही. पहिली फेरी मागचा वायपर उचलून, सक्शन बंद ठेवून, फक्त पाणी आणि ब्रश. 5 ते 10 मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. दुसऱ्या फेरीत वायपर खाली आणि सक्शन चालू. पहिल्या फेरीत तो भाग कुणालाही ओलांडू देऊ नका.

उताराबद्दल: धुण्याच्या कामासाठी बरीच मशीनं फक्त 2 टक्क्यांच्या उतारापर्यंत चालतात, नुसती ने-आण त्याहून जास्त उतारावर चालते. आकडा मशीनच्या पाटीवर बघा. 1 मीटर अंतरात 2 सेंटिमीटर उतरणं म्हणजे 2 टक्के, त्यामुळे तुमचा उतार बहुधा याहून जास्त असेल. तिथून न्यायचं असेल तर दोन्ही टाक्या रिकाम्या, ब्रश आणि वायपर वर, पाणी बंद, आणि उतारावर वळायचं नाही. ब्रशच्या ओढीने पुढे सरकणारं मशीन असेल, म्हणजे चाकांना मोटर नसेल, तर ब्रश उचलल्यावर सगळं वजन माणसावर येतं. मग दोन माणसं हवीत. तो उतार हाताने मॉपनेच पुसा.

लांब_कॉरिडॉर
दोघांचेही आभार. बॅटऱ्या जोडल्या, 25.3 दिसला, रात्रभर चार्ज केलं. कॉरिडॉरमध्ये चालवून पाहिलं. स्वच्छ होतंय, पण पट्ट्याच्या दोन्ही कडांना पाण्याची रेघ राहते, मधे मात्र कोरडं. शिवाय थांबलो की वायपरखाली छोटं थारोळं पडतं. मागे घेताना रबर उलटं वळल्यासारखंही वाटलं.

पाना_आणि_पक्कड
तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

कडांना पाणी राहतं कारण वायपरचा कल चुकला आहे. सपाट जागी वायपर खाली सोडा, सक्शन चालू करा, मशीन अर्धा मीटर पुढे न्या आणि मागून वाकून बघा. मागचं रबर संपूर्ण लांबीत सारखं वाकलेलं दिसायला हवं. तुमचं मधे जास्त दुमडत असेल आणि टोकं जेमतेम टेकत असतील. कल बदलण्याची मूठ किंवा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा अर्धा मीटर न्या, पुन्हा बघा. कुठल्या दिशेला फिरवायचं ते मशीननुसार बदलतं, पण पाव फेऱ्यातच कळतं. कल जमल्यावरच छोट्या चाकांनी उंची लावा. आधी उंचीला हात लावलात तर दोन्ही बिघडेल.

त्याआधी एवढं बघून घ्या की रबरं आपापल्या जागी आहेत ना. खाचा असलेलं पुढे, अखंड असलेलं मागे. उलटी बसली तर पाणी आत येतच नाही, पुढे ढकललं जातं आणि कडांनी निसटतं. हे अगदी नव्या मशीनमध्येही दिसतं.

थांबल्यावरचं थारोळं म्हणजे होजमध्ये उरलेलं पाणी. थांबताना आधी पाणी बंद, मग दोन-तीन मीटर तसंच पुढे चाला, वायपर उचला आणि सक्शन आणखी 10 सेकंद चालू ठेवा. तरीही पडत असेल तर सक्शन कमी आहे. होज वायपरपासून काढून तोंडाशी तळहात धरा. ओढ जोरात असेल तर वायपरच्या भोकात कचरा आहे. तिथेही कमी असेल तर वर शोधायचं: घाण पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं गॅस्केट, रिकामी करायच्या पाइपचं बूच नीट न लागणं, अडकलेला फ्लोट, मोटरच्या आधीची जाळी. माझ्या मते यातले निम्मे दोष झाकण आणि बुचातच सापडतात, मोटर खोलायची वेळ क्वचित येते.

मागे घेताना वायपर नेहमी वर. खाली ठेवून मागे घेतलं की रबर पुढच्या बाजूला दुमडतं, कड फाटते, कधी ब्रॅकेटही वाकतो. रबराला बहुधा चार कडा वापरता येतात: एक झिजली की उलटं करा, मग टोकं बदला. नखाने कड चाचपून बघा, टोकदार लागायला हवी, गोलाई आली असेल तर बदला. गोदामात तेल सांडत असेल तर पॉलियुरेथेनचं रबर घ्या, साधं रबर तेलाने फुगतं.

ओली_फरशी
कल लागल्यावर वळणांकडे पुन्हा लक्ष द्या. ब्रश पुढे आणि वायपर मागे असल्याने वळताना वायपर बाहेर झुकतो आणि थोडं पाणी त्याच्या बाहेर राहतं. यावर उपाय फक्त पाणी आधी बंद करणं आणि वळण मोठं घेणं. उरलेल्यासाठी मशीनलाच एक कोरडा मॉप टांगून ठेवा.

लांब_कॉरिडॉर
रबरं उलटीच बसवलेली होती. बदलून कल लावला, कडा कोरड्या झाल्या. एकच राहिलं: शिफ्ट संपल्यावर घाण पाणी सकाळपर्यंत टाकीत राहिलं तर चालेल का?

पाना_आणि_पक्कड
नाही. रात्रभरात गाळ तळाशी घट्ट बसतो, वास येतो, आणि फ्लोटवर थर चढला की तो अडकतो. फ्लोट अडकला तर टाकी भरूनही सक्शन थांबत नाही आणि पाणी मोटरमध्ये जातं. रोज घाण पाणी सांडपाण्याच्या नळीत सोडा, साध्या पाण्याने टाकी विसळा, फ्लोट बोटाने वर-खाली करून बघा. स्वच्छ पाण्याची टाकीही रिकामी करा आणि तिच्या फिल्टरची जाळी धुवा. ब्रशवर पाणी कमी येऊ लागलं तर पहिला संशय त्याच जाळीवर घ्या. ब्रश काढून भिंतीला टांगा. मशीन ब्रशवर टेकून उभं राहिलं तर केस एका बाजूला वाकतात. वायपर पुसून वर उचललेला ठेवा, घाण पाण्याच्या टाकीचं झाकण उघडंच ठेवा आणि मग चार्जिंगला लावा.

धुताना पाण्याची नळी कंट्रोल पॅनेलवर किंवा बॅटरीच्या कप्प्यावर मारू देऊ नका. तो भाग ओल्या फडक्याने पुसायचा.

सेल_आणि_प्लेट
आणि चार्जरच्या शेजारी एक वही टांगा: चार्जिंगला लावल्याची वेळ, चार्जर थांबल्याची वेळ, आठवड्यातून एकदा सेलमधलं पाणी पाहिल्याची तारीख. महिन्यातून एकदा पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरने (द्रावणाची विशिष्ट घनता मोजणारं साधन) चारही बॅटऱ्यांचे मिळून 12 सेल मोजा. 1.265 ते 1.28 यायला हवं. सगळ्यांचं सारखं कमी येत असेल तर चार्जिंग अपुरं होतंय. एकाच सेलचं बाकीच्यांपेक्षा 0.03 ने कमी असेल, तर चार्जरमध्ये इक्वलायझिंगची (सगळे सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम केलेल्या जादा चार्जिंगची) सोय असल्यास ते चालवा आणि दुसऱ्या दिवशी तोच सेल परत मोजा.