वन (ONE) सिम्युलेटर: १२ एमबीचा व्हिडिओ कुणापर्यंतच पोचत नाही

प्रश्न
वन म्हणजे फिरती उपकरणं भेटतील तसे मेसेज पुढे देतात अशा नेटवर्कची नक्कल करणारा सिम्युलेटर. त्यात हेलसिंकीचा नकाशा, डीफॉल्ट १२६ नोड (फिरती उपकरणं), एपिडेमिक राउटर (भेटेल त्याला प्रत देणारा). मेसेज एकच: एक मिनिटाचा, १२ एमबीचा व्हिडिओ. टीटीएल (मेसेज जिवंत राहण्याची मुदत) ३०० वरून ६०० केला तरी पोच शून्य. राउटर बदलू का?

मेघवाहक
राउटर राहू द्या, आधी बफर (नोडची मेसेज साठवायची जागा) बघा. पादचारी आणि गाड्यांचा डीफॉल्ट बफर ५ एमबी आहे. त्याहून मोठा मेसेज समोरचा नोड घेतच नाही. टीटीएल मिनिटांत असतो, म्हणजे ३०० म्हणजे पाच तास. तिथे काही अडलेलं नाही.

बफर वाढवलात तरी भेटीची वेळ आडवी येणार. ब्लूटूथचा पल्ला १० मीटर, वेग सेकंदाला २५० के. हे बाइट आहेत, बिट नव्हेत. इथे हिशेब हमखास आठपट चुकतो. सेकंदाला १ मीटर चालणारे दोघे समोरासमोर आले तर फार तर १० सेकंद संपर्क, म्हणजे २.५ एमबी. सेकंदाला १० मीटर धावणाऱ्या दोन गाड्यांना जेमतेम १ सेकंद मिळतो: २५० केबी. लिंक मध्येच तुटली की आलेलं सगळं वाया, पुढच्या भेटीत पुन्हा शून्यापासून.

म्हणून व्हिडिओ ३६०पी, आवाजासकट ४०० केबीपीएसवर (इथे किलोबिट) आणा: मिनिटाला ३ एमबी. त्याचे ४ सेकंदांचे, २०० केबीचे १५ मेसेज करा. वनला फक्त आकार कळतो, पण आलेले तुकडे नंतर खरोखर चालवून बघायचे असतील तर २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) कीफ्रेमचं (इतर फ्रेमवर न विसंबता उलगडणाऱ्या फ्रेमचं) अंतर १०० फ्रेम ठेवा, जीओपी (एका कीफ्रेमपासून पुढच्यापर्यंतचा गट) क्लोज्ड, म्हणजे शेजारच्या गटावर न विसंबणारा ठेवा, आणि सीन बदलला की आपोआप पडणारे कीफ्रेम बंद करा. नाहीतर तुकडे कमीजास्त लांबीचे पडतात.

प्रश्नकर्ता
पण मला व्हिडिओ पूर्णच हवाय, मधले तुकडे गाळून चालणार नाही.

सांडवा
मग नुसते तुकडे पाडून भागणार नाही. प्रत्येक तुकडा वेळेत पोचण्याची शक्यता ८०% धरली, तरी पंधराच्या पंधरा पोचण्याची ३.५%च उरते. रॅप्टरक्यूने (हरवलेले तुकडे भरून काढणारं कोडिंग) १५चे २० करा; त्यातले कुठलेही १५ आले की ९९% वेळा फाइल उभी राहते, १७ आले तर जवळजवळ नक्कीच. १५ किंवा जास्त येण्याची शक्यता ८०% होते. मात्र हा हिशेब तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र हरवतात असं धरून आहे. प्रत्यक्षात बफर भरला की एकाच व्हिडिओचे तुकडे ओळीने उडतात. शिवाय पंधरावा येईपर्यंत हरवलेले तुकडे भरून निघत नाहीत.

आणि आता मात्र एपिडेमिक सोडा. ५ एमबीत असे २५च तुकडे मावतात. दुसरा व्हिडिओ फिरू लागला की बफर ओसंडलाच. बायनरी स्प्रे अँड वेट (मोजक्याच प्रती, भेटीगणिक निम्म्या वाटणारा राउटर) घ्या, ६ प्रतींपासून सुरुवात करा.