केप २६०० असताना शिंतोडे, १२०० असताना धो धो... असं का?

ढगवेडा:
मंडळी, एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतोय. मी रोज फुग्याच्या साउंडिंगचा (म्हणजे हवामानाच्या फुग्याने वर जाताजाता मोजलेल्या तापमान, बाष्प, वाऱ्याचा) चार्ट बघतो आणि घरच्या पर्जन्यमापकावर नोंद ठेवतो. मागच्या पंधरवड्यात दोनदा गडगडाट झाला. पहिल्या दिवशी केप (CAPE, वर उसळणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा) २६०० ज्यूल प्रति किलो, दुपारी तापमान ३८, बघता बघता ढग वर जाऊन ऐरणीसारखा पसरला, विजा काय, वारा काय, धुळीने डोळे उघडवत नव्हते, आणि मापकात बघतो तर २ मिमी. आठ दिवसांनी केप जेमतेम १२००, तापमान ३०, कुंद दमट हवा, पान हलत नव्हतं, मला वाटलं आज काही होत नाही, तर सव्वा तासात ७१ मिमी! केप म्हणजे वादळाची ताकद ना? मग जिथे ताकद जास्त तिथे पाऊस जास्त नको का? का मीच आकडा चुकीचा वाचतोय?

थर्मल९:
आकडा बरोबर वाचतोयस, पण केपला पावसाचं विचारून उपयोग नाही. केप एवढंच सांगतो की वर निघालेल्या हवेला किती जोर मिळेल. त्याची दुप्पट करून वर्गमूळ काढलं की वर जाण्याचा कमाल वेग येतो, म्हणजे २६०० ला सेकंदाला ७२ मीटर आणि १२०० ला ४९, अर्थात हे कागदावर, प्रत्यक्षात ढगात साधारण निम्माच मिळतो कारण बाजूची कोरडी हवा आत घुसते आणि पाण्याचं वजनही ओढत असतं. पण त्या हवेत बाष्प किती होतं हे केप सांगत नाही. दोन्ही दिवसांचा दवबिंदू (हवा किती अंशांपर्यंत गार झाली की बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो आकडा) आणि प्रेसिपिटेबल वॉटर (डोक्यावरच्या हवेच्या स्तंभातलं सगळं बाष्प पाणी झालं तर किती मिमी भरेल ते) दे, मग बोलू.

ढगवेडा:
दवबिंदू पहिल्या दिवशी १६, दुसऱ्या दिवशी २४. प्रेसिपिटेबल वॉटर ३० मिमी आणि ६१ मिमी.

थर्मल९:
बघ, यातच निम्मं उत्तर आलं. तापमान आणि दवबिंदू यांच्यात जेवढे अंश फरक, त्याला १२५ ने गुणायचं, ढगाचा तळ साधारण किती मीटरवर ते कळतं. पहिल्या दिवशी फरक २२, म्हणजे तळ पावणेतीन किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी फरक ६, तळ ७५० मीटरवर. आता थेंबाच्या बाजूने विचार कर, पहिल्या दिवशी त्याला पावणेतीन किलोमीटर कोरड्या तापलेल्या हवेतून खाली यायचं होतं, तो वाटेतच विरला. आणि पाणी विरताना आजूबाजूची हवा गार करतं, गार हवा जड, ती धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पळते. तुझ्या डोळ्यांत गेलेली धूळ ती हीच. म्हणजे पाऊस झाला नाही असं नाही, वर झाला होता, तुझ्यापर्यंत पोचेतो त्याचा वारा झाला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे लोक फारसे बघत नाहीत. ढगाच्या तळापासून शून्य अंशाच्या पातळीपर्यंत जो भाग असतो, तो किती जाड आहे? तिथे सगळं पाणी द्रवरूप असतं, थेंब थेंबावर आपटून मोठे होतात. ढगातला कण साधारण २० मायक्रॉनचा आणि पावसाचा थेंब २ मिमीचा, म्हणजे एका थेंबात असे १० लाख कण! हे जमायला जागा आणि वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी शून्य अंश ५ किलोमीटरच्या वर असणार, म्हणजे चार-सव्वाचार किलोमीटरचा उबदार पट्टा मिळाला, वर जाणारी हवाही बेताची, त्यामुळे थेंबांना वाढायला भरपूर वेळ. पहिल्या दिवशी पट्टा दीडेक किलोमीटरचा आणि हवा जोरात वर, सगळं पाणी बर्फाच्या भागात फेकलं गेलं, त्यातलं बरंचसं ऐरणीत पसरून उडून गेलं. एवढी ताकद असून उपयोग काय, पाणी खाली आणायला हवं ना.

नभांगण:
थर्मल९ यांचं सगळं पटलं, पण वाऱ्याचं राहिलं. एका जागी किती पाऊस पडला म्हणजे किती जोरात पडला गुणिले किती वेळ पडला, बस्स. साधा हिशोब करा, ढग १० किलोमीटर रुंद आणि ताशी ६० मिमीने ओततोय. तो ताशी ४० किलोमीटरने गेला तर तुमच्या डोक्यावर पाव तास, १५ मिमी. ताशी १० ने गेला तर तासभर, ६० मिमी. ढग तोच!

म्हणून मी आधी वरच्या थरातला वारा बघते. १९७६ साली ३१ जुलैला अमेरिकेत कोलोरॅडोच्या बिग थॉम्पसन दरीत हेच झालं. खालून दमट वारा डोंगरावर चढत होता, वरचा वारा अगदी मंद, वादळ काही तास तिथेच ठाण मांडून बसलं, सुमारे ३०० मिमी पाऊस झाला आणि पुरात १४४ माणसं गेली. केपपेक्षा वरचा मंद वारा बघून मला जास्त धास्ती वाटते, ती यामुळेच.

विंड शिअर, म्हणजे उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा किती बदलते ते, मात्र दोन्हीकडून बघावा लागतो. शिअर अजिबात नसेल तर पाऊस वर येणाऱ्या हवेवरच पडतो, ढग स्वतःचाच श्वास कोंडतो आणि तास-अर्ध्या तासात संपतो. बऱ्यापैकी शिअर असेल तर पाऊस बाजूला पडतो, वादळ तासन्‌तास जगतं. फार झाला तर दुबळ्या ढगाचे तुकडे करतो.

पहिलापाऊस:
मध्येच विचारते, हवेच्या स्तंभात एकूण ६१ मिमी पाणी होतं तर ७१ मिमी पडलं कसं? असेल त्यापेक्षा जास्त कसं येईल?

थर्मल९:
मस्त प्रश्न. ६१ हा फक्त डोक्यावरच्या स्तंभाचा हिशोब आहे. वादळ खालून चारी बाजूंची दमट हवा सतत ओढून घेत असतं, आजूबाजूच्या किती तरी स्तंभांचं पाणी एका जागी येतं. म्हणूनच खालच्या थरात वारे एकत्र येताहेत का हे बघायचं. आणि हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे हा पुरवठाही तेवढा वाढतो.

ढगवेडा:
आत्ता दोन्ही चार्ट पुन्हा काढून बघितले. ३ ते ६ किलोमीटरच्या थरात वारा पहिल्या दिवशी ताशी ४५ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी ९. शून्य अंशाची पातळी दुसऱ्या दिवशी ५.२ किलोमीटरवर. हे सगळं माझ्यासमोरच होतं आणि मी नुसता केपचा आकडा बघून चार्ट बंद करत होतो! आता वहीत तीन रकाने वाढवलेत, ढगाचा तळ, उबदार पट्ट्याची जाडी आणि वरचा वारा. पुढच्या गडगडाटाला आधी अंदाज लिहीन, मग मापक बघेन आणि दोन्ही आकडे इथे टाकेन.