'द किंग ऑफ कॉमेडी': शेवट खरा की रुपर्टच्या मनातला?

पडद्यामागे:
मार्टिन स्कोर्सेसींच्या या १९८२च्या चित्रपटात टीव्हीवर झळकायला हपापलेला रुपर्ट पपकिन (रॉबर्ट डी नीरो) सूत्रसंचालक जेरी लँगफर्डला पळवतो. खंडणी एकच, जेरीच्या कार्यक्रमात विनोद सादर करायची संधी. शेवटी बातम्यांतून कळतं की शिक्षा सहा वर्षांची झाली, पण दोन वर्षं नऊ महिन्यांत सुटका झाली आणि आत्मचरित्र दुकानांत लागलं. ही सगळी रुपर्टची कल्पना, असं सर्रास म्हणतात. मला ते साफ चूक वाटतं. त्याच्या दिवास्वप्नांत जेरी असतोच: रेस्टॉरंटमध्ये गळ घालणारा, टेप ऐकून वाखाणणारा, कार्यक्रमात त्याचं लग्न घडवणारा. शेवटात जेरी दिसतच नाही.

तिसरी घंटा:
असतोच कसा? हसणाऱ्या प्रेक्षकांच्या भिंतभर फोटोसमोर रुपर्ट विनोद सांगतो, तो प्रसंग आठवा. कॅमेरा मागे सरकत जातो, हशा वाढतो, त्याचे शब्द ऐकू येईनासे होतात. तिथे जेरी नाही. शेवटही त्याच जातकुळीतला आहे. शेवटच्या दृश्यात टीव्ही कार्यक्रमाचा निवेदक रुपर्टचं नाव पुकारतच राहतो, टाळ्या थांबत नाहीत, आणि लाल सुटातला रुपर्ट तोंडच उघडत नाही. शिवाय बातमी सांगते की तो अजूनही जेरीला मित्र आणि गुरू मानतो. हे रुपर्टच स्वतःबद्दल बोलतोय!

कच्चा कट:
नुसत्या दिसण्यावरून निकाल लागणार नाही. स्वप्नात शिरताना चित्र धूसर होत नाही, थेट कट येतो. मात्र बाहेर यायची वाट दिग्दर्शक दाखवतो. रेस्टॉरंटच्या प्रसंगात मध्येच घरात एकटा बडबडणारा रुपर्ट दिसतो, आईची हाक येते. शेवटाला असा परतीचा कट नाही, म्हणून मी तो खरा धरतो.

त्याहून मोठा पुरावा त्याच्या सादरीकरणात आहे. स्टुडिओत तो पडद्याबाहेर येतो तिथेच दृश्य तोडलंय. विनोद आपण ऐकतो ते नंतर, रुपर्टला आवडणारी रिटा जिथे काम करते त्या बारमधल्या टीव्हीवर. म्हणजे रिटा, गिऱ्हाइकं, पोलीस असे साक्षीदार आहेत. सुटून पळालेला जेरीही दुकानाच्या काचेतल्या टीव्हींवर तेच बघतो. आणि प्रेक्षक कशाला हसतात? बापाच्या माराला, ओकाऱ्यांना. जेरीला आपणच पळवून खुर्चीला बांधलंय असं तो सरळ सांगतो, त्यालाही हसतात. हेच लोक उद्या त्याचं पुस्तक विकत घेणार, यात अशक्य काय? शेवट स्वप्न ठरवला की या प्रेक्षकांना आपण मोकळं सोडतो.

तिसरी घंटा:
सादरीकरण खरं, मान्य. पण त्यातच तो सांगतो की आई वारून नऊ वर्षं झाली. घरात मात्र तिचा आवाज सतत येतो आणि ती दिसत नाही. आवाजाची खात्री नसेल, तर शेवटच्या निवेदकाची आणि बातमीदारांची तरी कशी धरायची? परतीचा कट नाही म्हणता, पण तो यायच्या आत चित्रपटच संपवलाय.

पडद्यामागे:
आईचं वाक्य हा विनोद आहे, रचून बसवलेला. त्यावर घरातला आवाज खोटा ठरत नाही. लाल सुटाच्या दृश्यापुरता संशय मी समजू शकतो. बातम्यांचा भाग मात्र खराच.