थरथर नाही म्हणून गाफील राहू नका

वर एका दादांनी लिहिलंय की पोराला थरथर नाही, उलट्या नाहीत, मग एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) सोडल्याचा त्रास कसला, नुसता आळस आहे. तिथंच गल्लत होते बघा. थरथर, फिट हे दारूचं. एमडी, कोकेनसारखं तरतरी आणून पळवणारं अंगातनं उतरलं की माणूस उलट गळून बसतो.

माझा मावसभाऊ, अशोक चौकाकडं टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा, जागं राहायला म्हणून चालू केलेलं. बंद केलं तर दोन दिवस नुसता झोपून, मावशीला वाटलं ताप आहे, मग रात्री दोनला उठून शेंगाचटणीबरोबर पाच कडक भाकऱ्या खाल्ल्या आन परत आडवा. मावशी खूश, पोरगं जेवायला लागलं म्हणून! पण मोबाईलसुद्धा हातात घेईना, घाण स्वप्नं पडायची, भांडी वाजली तरी खेकसायचा.

झोप-भूक आठवडा-दोन आठवड्यांत बरीच जागेवर येते, पण कशातच मन न लागणं आणि तलफ कधीकधी महिनोन्‌महिने राहते. खरा धोका मनाचा, जीव द्यायची भाषा आली तर एकटं सोडायचं नाही, सरळ मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं न्यायचं. नुसतं विचारायचं असंल तर मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६, दोन्ही फुकट.

आणि सोलापुरात कुठलं एमडी म्हणणाऱ्यांनो, ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोली एमआयडीसीत कारखानाच सापडलेला, विसरलात काय?