कॉफी आणि गोड पदार्थांसाठी मसाल्यांचा पाक घरी कसा करावा?

ओसरी

नमस्कार. आमच्या घरी कॉफीत जायफळ घालण्याची पद्धत जुनीच आहे. परंतु दर वेळी किसणी काढणे आणि वेलदोडे कुटत बसणे सकाळच्या गडबडीत जमत नाही. त्यामुळे दालचिनी, वेलदोडा आणि जायफळ यांचा स्वाद उतरलेला पाक एकदाच करून ठेवावा आणि तोच कॉफीत, शिऱ्यावर किंवा आइस्क्रीमवर वापरावा, असा विचार आहे. विकतच्या पाकाला दालचिनीचा वास असतो, चव मात्र निव्वळ साखरेची लागते. जाणकारांनी कृपया सांगावे की मसाले अख्खे घालावेत की पूड करून, पाक कितपत दाट ठेवावा, आणि साखरेऐवजी गूळ चालेल का? दिवाळीत दोन-तीन घरी बाटल्या द्यायच्या असल्यामुळे पाक टिकणेही गरजेचे आहे.

रांधप

पूड अजिबात वापरू नये. दालचिनीची पूड पाण्यात फुगते आणि तिच्यातील चिकट द्रव्यामुळे पाक बुळबुळीत होतो. शिवाय कितीही गाळला तरी थोडा गाळ उरतोच आणि तो कॉफीच्या शेवटच्या घोटाबरोबर तोंडात येतो. मसाले अख्खेच घ्यावेत, पण सगळे एकदम पातेल्यात टाकू नयेत, कारण दालचिनीची साल उकळल्याशिवाय पुरेसा स्वाद सोडत नाही, तर वेलदोड्याचा सुगंध त्याच उकळीच्या वाफेबरोबर निघून जातो.

मी प्रथम ४०० मिलिलिटर पाण्यात बोटभर लांबीचे दालचिनीचे तीन तुकडे, चार लवंगा आणि चक्रीफुलाच्या दोन पाकळ्या घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर १५ मिनिटे काढा करते. हा काढा गाळून मोजावा आणि बरोबर २७० मिलिलिटर ठेवावा. कमी भरल्यास साधे पाणी घालावे, जास्त भरल्यास आटवावा. त्यात ५०० ग्रॅम साखर विरघळवावी, अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा आणि झाकण ठेवून पाच मिनिटे मंद उकळू द्यावे. आच बंद केल्यावर आठ-दहा वेलदोडे सालीसकट ठेचून आणि पाव जायफळ किसून मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधावी व ती गरम पाकात सोडून पुन्हा झाकण ठेवावे. अर्ध्या तासाने पुरचुंडी काढावी. ती पिळण्याचा मोह होतो, पण पिळल्यास चोथा उतरून पाक गढूळ होतो.

या प्रमाणाने पाकात वजनाने सुमारे ६५ टक्के साखर येते, आणि हा आकडा महत्त्वाचा आहे. २० अंश सेल्सिअसला पाण्यात जास्तीत जास्त ६७ टक्क्यांच्या आसपास साखर विरघळून राहते, शून्य अंशाजवळ हेच प्रमाण ६४ पर्यंत उतरते. म्हणजे याहून दाट, एकतारी पाक बाटलीत भरला तर तळाशी खडीसाखर जमणार हे जवळजवळ ठरलेलेच. पाक बोटांना चिकटावा, तार मात्र धरू नये. लिंबाच्या रसामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि उरलेल्या साखरेला स्फटिक धरणे अवघड जाते, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर तो टाळू नये.

पोफळी

वरील कृती उत्तम आहे, पण जायफळ पाकात घालण्यास माझा विरोध आहे. जायफळाच्या कॉफीची सगळी गंमत पेला ओठांशी नेताना येणाऱ्या त्या पहिल्या वासात असते, आणि बाटलीत पंधरवडाभर राहिलेल्या पाकातून तो वास येत नाही. उरते ती फक्त जायफळाची गुंगवणारी जडशी चव. पाक दालचिनी-वेलदोड्याचाच करावा आणि जायफळ आयत्या वेळी पेल्यावर दोन फटके किसावे. त्यासाठी किसणी काढावी लागली तर लागली.

गुळाबद्दल सांगायचे तर चालतो, परंतु दुधाच्या कॉफीत जपून. गूळ घालून दूध उकळले तर ते फाटण्याची भीती असते, म्हणून गुळाचा पाक कॉफी कपात ओतून जराशी निवल्यावरच घालावा. बिनदुधाच्या कॉफीत ही अडचण येत नाही आणि तिथे गूळ साखरेपेक्षा कितीतरी सरस लागतो. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात बारीक कचरा आणि वाळू हमखास निघते. गुळात मुळातच थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज असल्याने हा पाक सहसा साखरत नाही. मालवणकडे शिरवाळ्यांबरोबर (तांदळाच्या शेवयांबरोबर) गूळ घातलेला नारळाचा रस असतो. त्या रसात आयत्या वेळी हा पाक घालून पाहावा, वेगळी वेलची कुटावी लागत नाही.

तराजू

दालचिनी घेताना नीट पाहावे. जाड, कडक, एकेरी वळलेली साल असते ती कॅशिया; तिचा स्वाद झणझणीत असतो आणि चिकटपणाही तीच जास्त सोडते. पातळ पापुद्र्यांची, हाताने चुरडली जाणारी साल ही खरी दालचिनी होय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जात दिली आहे आणि कोकणात तिची लागवड होते. कॅशियाच वापरायची असल्यास तीनऐवजी दोन तुकडे पुरे.

ओसरी

सर्वांचे आभार. जायफळ वेगळे ठेवण्याचे पटले. काढ्यात आले घातले तर चालेल का? आणि शोभेसाठी बाटलीत दालचिनीची एखादी काडी ठेवावी असे मनात आहे.

रांधप

आले चालेल, पण ते काढ्याबरोबर पूर्ण उकळलेच पाहिजे. कच्च्या आल्यात दुधातील प्रथिने तोडणारे विकर असते आणि त्याने दूध फाटते. उकळल्यावर ते निष्क्रिय होते. सुंठेचा तुकडा घेतल्यास हा प्रश्नच राहत नाही.

काडी मात्र ठेवू नये. अख्खा मसाला बाटलीत राहिला की तो स्वाद सोडतच राहतो, आणि महिन्याभरात पाक तुरट होतो. लवंग राहिली तर जीभ बधिर करणारा होतो. बाटली काचेची, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी केलेली असावी. पाक गरम असताना झाकण लावल्यास आत वाफेचे थेंब जमतात, ते पाकावर पडून वरचा थर पातळ होतो आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. म्हणून पाक निवल्यावर झाकण लावावे, बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिनाभरात संपवावी. दिवाळीच्या बाटल्या दोन दिवस आधी केलेल्या बऱ्या. देताना एवढे अवश्य सांगावे की चहाचा एक चमचा पाक म्हणजे जवळपास एक सपाट चमचा साखर, नाहीतर लोक नेहमीची साखर घालून वर आणखी पाक ओततात.